स्वे बार आणि खडतर वाटेवरील वाहनाचा समतोल

खडकाळ वाटेवर जाणाऱ्या चारचाकीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. महामार्गाच्या वळणावर ती फार कलू नये आणि ओढ्यातील दगडांवरून जाताना तिची चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत. पहिल्या अपेक्षेसाठी डावे आणि उजवे चाक एकमेकांशी बांधलेले असावे लागते. दुसरीसाठी तीच चाके मोकळी हवीत. या ओढाताणीचा निकाल बऱ्याच अंशी पोलादाच्या एका वाकवलेल्या दांड्यावर अवलंबून असतो. त्याला स्वे बार, अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर बार म्हणतात.

रचना

स्वे बार स्प्रिंगच्या पोलादाचा असून त्याचा आकार यू अक्षरासारखा असतो. मधला सरळ भाग वाहनाच्या रुंदीला समांतर असतो आणि रबराच्या किंवा पॉलियुरेथेनच्या बुशांमधून चॅसीला धरलेला असतो. या बुशांमध्ये तो स्वतःभोवती फिरू शकतो. दोन्ही टोकांच्या भुजा लहान लिंकनी चाकांच्या यंत्रणेला जोडलेल्या असतात: रिजिड अ‍ॅक्सल असेल तर अ‍ॅक्सलच्या नळीला, स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर कंट्रोल आर्मला. अशा दांड्याचे पेटंट कॅनडातील स्टीफन कोलमन यांना 1919 मध्ये मिळाले. शंभर वर्षांत मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

तीन हालचाली, तीन प्रतिसाद

सस्पेन्शनची हालचाल तीन प्रकारांत विभागता येते. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर जातात. तेव्हा बार बुशांत नुसता फिरतो आणि काहीच विरोध करत नाही. वळणावर एका बाजूचे सस्पेन्शन दबते आणि दुसऱ्या बाजूचे उघडते. तेव्हा भुजा विरुद्ध दिशांना फिरतात, मधला भाग पिळला जातो आणि तो पीळ बॉडीचा कल कमी करतो. तिसरा प्रकार तिरकस हालचालीचा. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक उंचवट्यावर, उरलेली दोन खळग्यात, अशी ती स्थिती. कल आणि तिरकस हालचाल यांतला फरक एका अ‍ॅक्सलवरील बारला कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळा एक चाक वर आणि दुसरे खाली असते, म्हणून तो दोन्ही वेळा सारखाच विरोध करतो. खडतर वाटेवरील स्वे बारची सारी अडचण या एका मर्यादेतून निर्माण होते.

जाडीचे आणि भुजेचे गणित

भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. 25 मिलिमीटरऐवजी 30 मिलिमीटर व्यासाचा बार बसवला तर जाडी 20 टक्के वाढते, पण ताठरपणा दुपटीहून थोडा अधिक होतो. भुजेची लांबी उलट दिशेने काम करते: ताठरपणा तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. 250 मिलिमीटरची भुजा 200 मिलिमीटरवर आणली की, भुजा स्वतः वाकत नाही असे धरल्यास, तोच बार सुमारे 56 टक्के अधिक ताठर ठरतो. काही बारांच्या भुजांवर ओळीने छिद्रे असतात, ती यासाठीच. लिंक कोणत्या छिद्रात बसवली यावर भुजेची परिणामकारक लांबी ठरते आणि दांडा न बदलता त्याचे बळ बदलते. चौथ्या घाताचा आणखी एक फायदा पोकळ दांड्यात दिसतो. 30 मिलिमीटर बाह्य आणि 20 मिलिमीटर अंतर्गत व्यासाची नळी त्याच बाह्य व्यासाच्या भरीव दांड्याचा सुमारे 80 टक्के ताठरपणा देते. वजन मात्र जवळपास 56 टक्केच असते.

वळणावर नेमके काय घडते

वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो हे वजन, पार्श्व त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील अंतर यांवर ठरते. 1,800 किलोचे वाहन, गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटर उंच, चाकांमधील अंतर 150 सेंटिमीटर आणि पार्श्व त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या 0.4 पट असे धरले, तर 360 किलो भार सरकतो. जाड बार बसवल्याने हा आकडा जवळजवळ बदलत नाही. बार बॉडीचा कल कमी करतो आणि सरकणाऱ्या भाराची पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमधील वाटणी बदलतो. वाहनाच्या वर्तनावर अधिक खोल परिणाम या वाटणीचाच होतो.

पुढचा आणि मागचा वाटा

टायरवरील भार वाढला की पकडही वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही; थोडी कमी वाढते. त्यामुळे ज्या अ‍ॅक्सलवर एका चाकाकडून दुसऱ्याकडे अधिक भार सरकतो, त्या अ‍ॅक्सलची एकूण पकड आधी घटते. पुढचा बार अधिक ताठर असेल तर पुढची चाके आधी घसरतात आणि वाहन वळणाच्या बाहेर रेटले जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा बार अधिक ताठर असेल तर मागचा भाग बाहेर फेकला जातो, हा ओव्हरस्टिअर. सामान्य चालकाला पहिला प्रकार सावरणे सोपे जाते, कारण वेग कमी केला की वाहन पुन्हा वळणात येते. म्हणून बहुतेक कारखानदार कलाला होणाऱ्या विरोधाचा मोठा वाटा पुढे ठेवतात. उंच वाहनांत ही सावधगिरी अधिकच महत्त्वाची ठरते.

कॉइल, पाटे आणि बारची गरज

रिजिड अ‍ॅक्सलवर स्प्रिंगा चाकांच्या बऱ्याच आत बसतात. कलाला त्यांचा होणारा विरोध त्यांच्यातील अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. चाके 1.5 मीटर अंतरावर आणि स्प्रिंगा 1 मीटर अंतरावर असतील, तर त्या चाकांपाशी असत्या तर जेवढा विरोध झाला असता, त्याच्या 44 टक्केच मिळतो. पाट्यांच्या स्प्रिंगा कलताना स्वतःही पिळल्या जातात आणि काही विरोध देतात. कॉइल स्प्रिंगमध्ये ही जोड नसते. मऊ कॉइल आणि रिजिड अ‍ॅक्सल या जोडीला म्हणूनच बारची गरज अधिक भासते. 2020 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या महिंद्रा थारमध्ये पुढे स्वतंत्र डबल विशबोन, मागे मल्टिलिंक रिजिड अ‍ॅक्सल, दोन्हीकडे कॉइल आणि दोन्हीकडे स्टॅबिलायझर बार अशी मांडणी आहे.

खडकाळ जमिनीवरील अडचण

तिरकस जमिनीवर बार वर गेलेल्या चाकाला खाली दाबतो आणि खाली जाऊ पाहणाऱ्या चाकाला वर ओढतो. परिणामी खळग्यावरच्या चाकाचा भार घटतो आणि शेवटी ते हवेत लटकते. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. लटकलेल्या चाकाला जवळजवळ काहीच विरोध नसल्याने टेकलेल्या चाकालाही जोर मिळत नाही आणि वाहन थांबते. यावर दोन मार्ग आहेत. डिफरन्शियल लॉक लावून टेकलेल्या चाकाला जोर पोहोचवणे हा एक, आणि चाक मुळात उचलूच न देणे हा दुसरा. लॉकमुळे वाहन पुढे सरकते, पण तीन चाकांवर तोललेले वाहन डुलते आणि पुढच्या दगडावर धाडकन आपटते. सस्पेन्शनची लवचिकता या डुलण्याचे मूळ कमी करते.

लवचिकतेचे माप

ही लवचिकता मोजण्यासाठी रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स नावाचा निर्देशांक वापरतात. साधारणपणे 20 अंशांच्या उतरणीवर वाहनाचे एकच पुढचे चाक चढवतात आणि उरलेल्या तीनपैकी एखादे उचलण्याच्या बेतात आले की थांबतात. उतरणीवरून कापलेल्या अंतराला व्हीलबेसने भागून 1,000 ने गुणले की निर्देशांक मिळतो. 2,450 मिलिमीटर व्हीलबेसचे वाहन 1,225 मिलिमीटर चढले तर निर्देशांक 500 येतो. बार सुटा करताच हा आकडा सहसा वाढतो. मात्र लवचिकता पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कशी विभागली आहे, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

बेरीज आणि साखळी

पुढच्या अ‍ॅक्सलचा कलाला होणारा विरोध आणि मागच्याचा विरोध यांचा संबंध रस्त्यावर एक असतो आणि खडकावर दुसरा. वळणावर दोन्ही अ‍ॅक्सल बॉडीला एकाच बाजूला सावरतात, म्हणून त्यांच्या विरोधांची बेरीज होते. तिरकस जमिनीवर ते बॉडीला विरुद्ध दिशांना ओढतात. तेव्हा ते एका साखळीतील दोन स्प्रिंगांसारखे वागतात आणि एकत्रित विरोध दोघांच्या गुणाकाराला बेरजेने भागून मिळतो. बॉडीचा कल मात्र ज्याचा विरोध अधिक, त्या अ‍ॅक्सलच्या बाजूने जातो. समतोल साधण्याचे काम या दोन हिशेबांना एकाच वेळी समाधानकारक ठेवण्याचे आहे.

आकड्यांतील उदाहरण

पुढच्या अ‍ॅक्सलचा विरोध 3 एकके आणि मागचा 1 एकक आहे असे समजू. पुढच्या 3 पैकी 2 एकके बारमुळे आली आहेत. जमिनीने पुढचा अ‍ॅक्सल 12 अंश डावीकडे आणि मागचा 12 अंश उजवीकडे झुकवला. बॉडी 6 अंश डावीकडे कलते. पुढच्या सस्पेन्शनला 6 अंशांचेच काम उरते, मागच्याला 18 अंशांचे करावे लागते. मागची हालचाल आपल्या मर्यादेला पोहोचून चाक उचलले जाण्याचा संभव येथे मोठा असतो. आता पुढचा बार सुटा केला की दोन्ही विरोध 1 होतात. बॉडी सरळ राहते, दोन्ही सस्पेन्शन 12 अंशांचे सारखे काम करतात आणि एकत्रित विरोध 0.75 वरून 0.5 वर येतो. पण रस्त्यावरची बेरीजही 4 वरून 2 वर येते, म्हणजे वळणावरचा कल जवळपास दुप्पट होतो. उलट, मागे जाड बार बसवून मागचा विरोध 3 केला आणि पुढचा बार सोडला, तर बॉडी मागच्या अ‍ॅक्सलच्या बाजूने कलते आणि 18 अंशांचा बोजा पुढच्यावर पडतो. बार काढणे हा सर्वत्र लागू पडणारा उपाय का नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आडव्या उतारावर

आडव्या उतारावर दोन्ही अ‍ॅक्सल एकाच दिशेला झुकलेले असतात, म्हणून येथे हिशेब पुन्हा बेरजेचा होतो. पूर्णपणे ताठर वाहन किती उतारावर उलटेल, हे चाकांमधील अर्ध्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून ठरते. दोन्ही 75 सेंटिमीटर असतील तर तो कोन 45 अंश येतो. प्रत्यक्षात सस्पेन्शन आणि टायर खालच्या बाजूला दबतात, बॉडी आणखी कलते, गुरुत्वमध्य उताराकडे सरकतो आणि मर्यादा बरीच आधी गाठली जाते. छपरावरच्या कॅरिअरमध्ये सामान असेल तर ती आणखी जवळ येते. दोन्ही बार सुटे असलेले वाहन तिरकस खडकांवर उत्तम चालते आणि त्याच वाटेवरच्या आडव्या उतारावर धोकादायक ठरते.

चढ आणि उतरण

तीव्र चढावर भार मागे सरकतो. पुढची चाके हलकी होतात आणि पुढचा बार कितीही ताठर असला तरी त्याला पाय रोवायला जागा कमी उरते. बॉडीला सावरण्याची जबाबदारी मागच्या अ‍ॅक्सलवर येते. शिवाय लो गिअरमध्ये मागच्या शाफ्टचा जोरदार पीळ अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये काम करून बॉडीला एका बाजूला झुकवतो. मागे माफक ताठरपणाचा बार असेल तर हे झुकणे आटोक्यात राहते. उतरताना भार पुढे येतो आणि पुढच्या बारचे महत्त्व वाढते. म्हणजे योग्य वाटणी जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे बदलते आणि कायम बसवलेल्या बारला मधला मार्ग स्वीकारावा लागतो.

सोडता येणारे बार

सर्वांत साधी पद्धत हाताने खीळ काढून लिंक मोकळी करण्याची. मोकळी भुजा वर बांधून ठेवावी लागते; नाहीतर ती टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासते. निसान पेट्रोलच्या वाय61 पिढीतील काही आवृत्त्यांत मागचा बार बटणाने सोडण्याची सोय होती. 2005 च्या डॉज रॅम पॉवर वॅगनमध्ये आणि 2007 पासून जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये विजेवर सुटणारा पुढचा बार आला. यात दांडा मध्यभागी दोन भागांत असतो आणि क्लच ते जोडतो किंवा सोडतो. 2007 च्या पिढीत वेग ताशी सुमारे 29 किलोमीटरच्या वर गेला की तो आपोआप जोडला जातो. या स्वयंचलित जोडणीमागे वरचाच हिशेब आहे: पुढचा बार सुटा असताना कल वाढतो आणि भार-स्थानांतराचा मोठा वाटा मागे जातो, त्यामुळे वेगात मागचा भाग घसरण्याची प्रवृत्ती वाढते. 

द्रवाच्या दाबावर चालणारी रचना

कल आणि तिरकस हालचाल यांतील फरक ओळखायचा असेल तर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची स्थिती एकत्र पाहावी लागते. ऑस्ट्रेलियातील कायनेटिक या कंपनीच्या कल्पनेवर आधारलेली टोयोटाची केडीएसएस यंत्रणा हे काम तेलाच्या दाबाने करते. लेक्सस जीएक्स 470 आणि पुढे लँड क्रूझर 200 मध्ये ती वापरली गेली. दोन्ही बारांना एकेक सिलिंडर जोडलेला असतो आणि सिलिंडर नळ्यांनी परस्परांशी जोडलेले असतात. वळणावर दोन्ही बार एकाच दिशेने पिळतात. सिलिंडरांतील दाब एकमेकांना अडवतात, तेल वाहत नाही आणि बार पूर्ण बळाने काम करतात. तिरकस जमिनीवर पीळ विरुद्ध दिशांचे असतात. तेल एकातून दुसऱ्यात वाहते आणि बार मोकळे होतात. निसान पेट्रोलच्या वाय62 पिढीतील काही आवृत्त्यांत तर नेहमीचे बारच नाहीत. चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडून कलावर नियंत्रण ठेवले जाते.

जोडलेला, पण सौम्य बार

तिसरा मार्ग बार न सोडता तो पुरेसा मऊ ठेवण्याचा आहे. अमेरिकेतील करी एंटरप्रायझेसचा अँटीरॉक हा या प्रकारचा प्रसिद्ध बार. सरळ पिळणारा दांडा, त्याच्या टोकांना दातेदार खाचांत बसवलेल्या वेगळ्या भुजा आणि भुजांवर छिद्रांची ओळ, अशी त्याची रचना असते. तो खडकावरही जोडलेलाच राहतो. त्याचा हेतू पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला तिरकस हालचालीचा जवळपास सारखा वाटा देण्याचा असतो. कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीत 2007 पासून होणाऱ्या किंग ऑफ द हॅमर्स शर्यतीत वाळवंटातला वेग आणि खडकावरची संथ चढाई एकत्र येतात. अशा शर्यतीत उतरून बार सोडण्या-जोडण्याला वेळ नसतो, म्हणून मोठ्या हालचालीत टिकणारे, छिद्रांनी जुळवता येणारे बार तेथे विशेष उपयोगी पडतात.

उंची वाढवल्यावर

सस्पेन्शनची उंची 5 ते 8 सेंटिमीटर वाढवली की बारच्या भुजा खाली झुकतात आणि लिंक तिरक्या होतात. नेहमीच्या उंचीवर भुजा जवळपास आडवी आणि लिंक जवळपास उभी असावी, म्हणून लिंकची लांबीही त्यानुसार वाढवावी लागते. हे न केल्यास चाक पूर्ण खाली गेल्यावर भुजा आणि लिंक एका रेषेत येतात. मग वर येताना लिंक उलट्या बाजूला पडून अडकू शकते. उंची वाढल्याने गुरुत्वमध्यही वर जातो, म्हणजे कलाला अधिक विरोध हवा असतो. भारतात असे बदल करताना मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 चे बंधनही लागू होते. कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल त्यात बसत नाही.

मर्यादा

बार वर-खाली उसळणे थांबवत नाही. ते काम स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. तो पिळात साठवलेली ऊर्जा परत देतो, शोषून घेत नाही. म्हणून कमकुवत शॉकसोबत जाड बार बसवला तर एका चाकाखालचा खड्डा संपूर्ण बॉडीला डावी-उजवीकडे हिसके देतो. बार सुटा केल्यावर चाकाचा पल्ला शॉकची लांबी, ब्रेकची नळी किंवा शाफ्टचा सांधा यांपैकी जे आधी संपेल त्यावर अडतो, आणि नळी हा अडसर कधीच असता कामा नये. चिखल आणि धूळ बुशांत शिरून ते झिजतात; लिंकचे सांधे ढिले झाले की खराब रस्त्यावर खटखट ऐकू येते आणि पिळाचा पहिला काही भाग वाया जातो.

जुळणीचा क्रम

समतोल साधताना बार शेवटी हाताळणे इष्ट ठरते. आधी नेहमीच्या भारासाठी स्प्रिंगांची निवड, मग त्यांना साजेसे शॉक, त्यानंतर पल्ल्याच्या मर्यादा आणि अखेरीस पुढच्या-मागच्या बारची वाटणी, असा क्रम तर्कसंगत आहे. एका वेळी एकाच छिद्राचा बदल केला तर त्याचा परिणाम वेगळा ओळखता येतो. तपासणी तीन ठिकाणी व्हावी लागते: तिरकस जमिनीवर दोन्ही अ‍ॅक्सल सारखे काम करतात का, आडव्या उतारावर कल किती वाढतो आणि रस्त्यावरच्या वळणात आधी कोणती चाके घसरू लागतात. तिसरी चाचणी मोकळ्या, बंदिस्त जागेत कमी वेगापासून सुरू करायची असते. जे वाहन रोज महामार्गावर धावते आणि क्वचित रानवाटेला लागते, त्याच्यासाठी कारखान्याचा बार आणि पुढे सोडता येणारी लिंक पुरेशी असते. मुख्यतः खडकांवर चालणाऱ्या वाहनाला दोन्हीकडे सौम्य, जुळवता येणारे बार अधिक अनुरूप ठरतात.